फरक, तफावत की वजाबाकी? एसक्यूएलमधल्या दोन निकालांची तुलना

प्रश्न

डेटाबेस तपासणीवर एक मार्गदर्शिका मराठीत लिहितो आहे. दोन क्वेऱ्यांचे (डेटाबेसला एसक्यूएल या भाषेत विचारलेल्या प्रश्नांचे) निकाल ताडून पाहायचे आणि कुठे काय वेगळं आहे ते शोधायचं, हा तिचा मोठा भाग. बोलताना आम्ही सरसकट ‘डिफ काढ’ किंवा ‘मायनस मारून बघ’ म्हणतो. लिहायला बसल्यावर मात्र ‘फरक’, ‘तफावत’, ‘भेद’, ‘अंतर’, ‘वजाबाकी’ असे पाच शब्द हाताशी येतात आणि प्रत्येक वाक्यात वेगळाच शब्द पडतो. एकच शब्द निवडावा का? निवडायचा तर कोणता?

प्रतिसाद १

एकच शब्द निवडू नका, कारण गोष्टच एक नाही. लहानसं उदाहरण घेऊ. ‘जुने’ टेबलात तीन ओळी आहेत: १०१ लाल ५, १०२ निळा ७, १०३ हिरवा २. ‘नवे’ टेबलात १०१ लाल ५, १०२ निळा ९, १०४ पिवळा १. पहिला आकडा ही प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख पटवणारी किंमत), शेवटचा म्हणजे नग.

आता ‘सिलेक्ट क्रमांक, रंग, नग फ्रॉम जुने एक्सेप्ट सिलेक्ट क्रमांक, रंग, नग फ्रॉम नवे’ असं चालवलं, म्हणजे जुन्यातल्या पण नव्यात नसलेल्या ओळी मागितल्या, की दोन ओळी येतात: १०२ निळा ७ आणि १०३ हिरवा २. टेबलांची अदलाबदल केली की १०२ निळा ९ आणि १०४ पिवळा १. दोन्ही मिळून चार ओळी झाल्या, पण प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी तीनच आहेत: १०३ गळला, १०४ची भर पडली आणि १०२चे नग बदलले. क्वेरीला १०२ची जुनी आणि नवी ओळ यांचं नातं माहीत नाही. तिच्या लेखी त्या दोन परक्या ओळी आहेत, कारण एक्सेप्ट अख्ख्या ओळीची तुलना करतं, कीची नाही.

म्हणून माझी वाटणी अशी. एका बाजूने केलेली क्रिया ती वजाबाकी. दोन्ही बाजूंच्या वजाबाक्या एकत्र केल्या की मिळतो तो फरक. आणि की तीच असून किंमत जुळत नाही, त्याला तफावत. ‘तफावत’ शब्दातच एक अपेक्षा दडलेली आहे: ज्या दोन गोष्टी जुळायला हव्या होत्या त्या जुळल्या नाहीत. दोन रंगांत फरक असतो, पण रोकड पुस्तक आणि बँकेचं पासबुक यांच्या शिल्लकेत तफावत असते. ‘भेद’ प्रकार सांगतो (लिंगभेद, पाठभेद) आणि ‘अंतर’ मोजमापाकडे झुकतं. हे दोन्ही इथे नकोत.

प्रश्नकर्ता

वाटणी पटली. पण ‘वजाबाकी’ म्हटलं की वाचक १०२च्या ओळीत ९ वजा ७ बरोबर २ असं काही शोधायला लागेल, ही भीती आहे. इथे तर आकड्यांतून आकडे जातच नाहीत, ओळींतून ओळी जातात.

प्रतिसाद २

भीती रास्त आहे. ‘ओळींची वजाबाकी’ असा जोडशब्द पहिल्यांदा वापरा, पुढे नुसतं ‘वजाबाकी’ चालेल. क्रियापद म्हणून मला ‘वगळणे’ जास्त नेमकं वाटतं: ‘जुन्यांतून नव्यांतल्या ओळी वगळून जे उरतं ते’. प्रमाण एसक्यूएलने एक्सेप्ट हा शब्द निवडला, त्याचाही भाव हाच. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याची पद्धत) मांडलं ते संचांच्या गणितावर, त्यामुळे या क्रियेचं मूळ संचांच्या फरकात आहे. शब्दावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं नाही. एक्सेप्ट १९९२च्या प्रमाणात आलं, ओरॅकल या डेटाबेसमध्ये त्याच कामासाठी मायनस रुळलं आणि एक्सेप्ट तिथे २१सी आवृत्तीत चालू लागलं. मायएसक्यूएलमध्ये तर २०२२ सालच्या ८.०.३१ आवृत्तीपर्यंत दोन्ही नव्हतं. तिथली मंडळी लेफ्ट जॉइन (जॉइन म्हणजे दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळी शेजारी शेजारी जोडणं; लेफ्टमध्ये डावीकडच्या न जुळलेल्याही राहतात) किंवा नॉट एक्झिस्ट्स (दुसरीकडे जोडीदार नसलेल्या ओळी मागणं) लिहून हेच काम करत आली. तुमचा वाचक कुठल्या डेटाबेसवर बसतो त्यावर त्याच्या तोंडी कोणता शब्द आहे ते ठरेल, म्हणून मार्गदर्शिकेत दोन्ही द्या.

‘फरक’ या शब्दाबद्दल एक काळजी घ्या. दोन्ही बाजू हव्या असतील तर ‘दुतर्फी फरक’ असं स्पष्ट लिहा, कारण इथे एक खोड फार छुपी आहे. पुष्कळ जण असं लिहितात (युनियन ऑल म्हणजे दोन निकाल एकाखाली एक जोडणं):

जुने एक्सेप्ट नवे युनियन ऑल नवे एक्सेप्ट जुने

कंस नाहीत. एक्सेप्ट आणि युनियन यांचा अग्रक्रम सारखा, म्हणून डावीकडून उजवीकडे सोडवलं जातं. आधी जुन्यांतून नवे गेले, मग उरलेल्यांत सगळे नवे मिसळले आणि त्या सगळ्यांतून जुने वगळले. पहिल्या वजाबाकीने जे कष्टाने मिळवलं होतं, ते जुन्यांतलंच असल्याने शेवटच्या पायरीला पुसलं जातं. हाती उरतं फक्त ‘नवे वजा जुने’. आपल्या उदाहरणात १०३ गळल्याचं कुठेही दिसत नाही, एररही येत नाही, आणि ओळी तर आलेल्या असतात, त्यामुळे संशय घ्यायलाही जागा नाही. प्रत्येक वजाबाकी कंसात घालायची. एसक्यूलाइट या डेटाबेसला असे कंस चालत नाहीत, तिथे प्रत्येक वजाबाकी फ्रॉममध्ये सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) म्हणून द्यायची.

प्रतिसाद ३

‘दुतर्फी फरक रिकामा आला म्हणजे निकाल सारखे’ असं वाक्य मार्गदर्शिकेत जाणार असेल तर त्या आधी थांबा. ‘सारखे’ हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातो. एका निकालात क, क, ख अशा तीन ओळी आहेत, दुसऱ्यात क, ख अशा दोन. कुठल्याही बाजूने एक्सेप्ट करा, हाती काही लागत नाही. साधं एक्सेप्ट संचाच्या नियमाने चालतं आणि संचात घटक एकदाच मोजतात. ‘क’ आहे की नाही एवढंच ते विचारतं, किती वेळा आहे हे विचारत नाही.

एक्सेप्ट ऑल ही मोजदाद करतं. तीन ओळींतून दोन वगळून एक ‘क’ शिल्लक दाखवतं. पोस्टग्रेसमध्ये ते आहे, मायएसक्यूएलच्या नव्या आवृत्त्यांत आहे, ओरॅकलमध्ये २१सीपासून आहे. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये नाही. तिथे, आणि खरं तर कुठेही, मला दुसरी रीत जास्त आवडते. दोन्ही निकाल युनियन ऑलने एकाखाली एक ठेवायचे. जुन्याच्या प्रत्येक ओळीला १ आणि ०, नव्याच्या प्रत्येक ओळीला ० आणि १ असे दोन जादा कॉलम जोडायचे. मग मूळच्या सगळ्या कॉलमांवर ग्रुप बाय करून (सारख्या ओळींचे गट पाडून) दोन्हींच्या बेरजा घ्यायच्या आणि हॅविंगमध्ये (गट गाळणाऱ्या अटीत) बेरजा असमान असलेलेच गट ठेवायचे. ओळ कोणत्या बाजूला किती वेळा आहे हे शेजारी शेजारी दिसतं. प्रत्येक निकाल एकदाच वाचला जातो, दुतर्फी वजाबाकीत तो दोनदा लिहावा लागतो. क्वेरी मोठी असेल तर हा फायदा जाणवतो.

शब्दापुरतं सांगायचं तर अशा ओळींना ‘दुबार’ म्हणा. ‘डुप्लिकेट’ म्हटलं की नक्कल, म्हणजे काहीतरी खोटं, अशी छटा येते. दुबार ओळ खोटी नसते, दोनदा आलेली असते.

प्रश्नकर्ता

‘दुबार’ घेतला. आता नलचं काय करू? एका ठिकाणी मी ‘शून्य’ लिहिलं आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘रिक्त’.

प्रतिसाद ४

शून्य ताबडतोब खोडा. शून्य ही माहीत असलेली किंमत आहे: नग मोजले, एकही नव्हता. नल म्हणजे नग माहीतच नाहीत. ‘रिक्त’सुद्धा घोटाळ्याचा, कारण रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, ही वेगळी चीज आहे (ओरॅकल रिकामी स्ट्रिंगच नल मानतो, हा आणखी एक फाटा). ‘नल’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा ‘किंमत नोंदलेली नाही’ असं समजावून सांगा.

पण खरा प्रश्न तुलनेच्या शब्दांचा आहे. एसक्यूएलमध्ये ‘सारखं नसणे’ दोन प्रकारचं आहे आणि मराठीत त्यासाठी दोन शब्द ठरवून घेतले तर वाचकाचं पुष्कळ भलं होईल. एक ‘असमान’, म्हणजे वेअरमधलं (ओळी गाळणाऱ्या अटीतलं) असमान चिन्ह. दुसरं ‘वेगळं’, म्हणजे इज डिस्टिंक्ट फ्रॉम.

जॉइन करून तफावत शोधताना आपण सहज लिहितो: जुने.नग असमान नवे.नग. जुन्यात ७ आणि नव्यात नल असेल तर ही तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही नाही, ती ‘अज्ञात’ ठरते. वेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतो, म्हणून ही ओळ गळते. म्हणजे किंमत पुसली गेली, ही सगळ्यात गंभीर तफावत, नेमकी तीच अहवालात येत नाही. इज डिस्टिंक्ट फ्रॉम लिहिलं की ७ आणि नल हे ‘वेगळे’ ठरतात आणि नल व नल ‘वेगळे नाहीत’ असं ठरतं. पोस्टग्रेसमध्ये हे कधीचं आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०२२च्या आवृत्तीपासून आलं. मायएसक्यूएलमध्ये नलसकट समानता तपासणारं वेगळं चिन्ह आहे, त्या अख्ख्या तुलनेच्या आधी नॉट लावायचं.

एक्सेप्ट आणि ग्रुप बाय मुळातच ‘वेगळं’च्या नियमाने चालतात. दोन नल त्यांना एकच वाटतात. त्यामुळे वजाबाकी नलमुळे फसत नाही, फसतो तो जॉइन. आणि त्याहून फसतं ते नॉट इन (‘या यादीत नसलेल्या’ ओळी मागणं): आतल्या सबक्वेरीत एक जरी नल आला तरी सगळा निकाल रिकामा येतो. ‘गळलेल्या ओळी नाहीत’ असा दिलासा त्यातून मिळतो आणि तो खोटा असतो. गळलेल्या ओळी शोधायला नॉट एक्झिस्ट्सच वापरा. मार्गदर्शिकेतलं हे वाक्य ठळक करा असं मी आग्रहाने म्हणेन.

प्रतिसाद ५

देवनागरी मजकूर असलेल्या टेबलांपुरती एक भर. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडणी-चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट पाहणारी तुलना त्यांना वेगळं ठरवते आणि एक्सेप्ट अशा ओळी दोन्ही बाजूंनी बाहेर काढतं. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणं) केल्याने ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही दोन रूपं एक होतात, पण जोडणी-चिन्हाचं रूप त्यात येत नाही. ते स्वतः बदलून घ्यावं लागतं.

याला ‘तफावत’ म्हणू नये असं मला वाटतं. माहिती जुळते आहे, लिखाण जुळत नाही. पोथ्यांच्या अभ्यासात ‘पाठभेद’ म्हणतात तसं ‘लेखनभेद’ म्हणावं. वर ‘भेद’ शब्द बाद केला गेला, त्याला इथे जागा आहे. उलट दिशेचा घोटाळाही असतो: कोलेशन (मजकूर ताडण्याचे आणि क्रम लावण्याचे नियम) लहान-मोठी रोमन अक्षरं एकच मानणारं असेल तर खरा लेखनभेद एक्सेप्टला दिसतच नाही.

प्रतिसाद १

लेखनभेद मान्य. माझी वाटणी तेवढी सुधारून घ्या.

प्रश्नकर्ता

आणि या सगळ्या कामाला काय म्हणू? ‘तुलना’ फारच पातळ वाटतं. ‘डिफ’ ठेवावा का?

प्रतिसाद ६

‘डिफ’ बोलण्यात राहील, राहू द्या. लिहिताना मात्र तो चुकीची सवय लावतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला डिफ हा प्रोग्राम मजकुराच्या ओळी क्रमाने पाहतो, ओळ वर-खाली झाली तरी तो फरक दाखवतो. रिलेशनमध्ये, म्हणजे टेबलात, ओळींना क्रमच नसतो. ऑर्डर बाय (क्रम लावण्याची आज्ञा) न देता निकाल फाइलीत उतरवून डिफ चालवला की जे नाही तेही दिसतं. उलट कॉलमांचा क्रम तिथे महत्त्वाचा: एक्सेप्ट कॉलमांची नावं पाहत नाही, जागा पाहतं. दोन टेबलांत रंग आणि आकार हे मजकुराचे कॉलम उलटसुलट असतील आणि तुम्ही सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम द्या) लिहिलंत, तर रंगाशी आकार ताडला जाईल. कॉलमांची नावं नेहमी लिहून द्या.

शब्द म्हणाल तर मराठीत चांगला जुना शब्द आहे: रुजवात. दोन कागद, दोन हिशेब समोरासमोर ठेवून कलमाशी कलम जुळतंय का ते पाहणं. ‘रुजवात घालणे’ हे क्रियापद तयार आहे. आजच्या वाचकाला तो जड वाटेल असं वाटत असेल तर ‘जुळवणी’ घ्या. वाणिज्य शिकलेल्यांना ‘बँक जुळवणी पत्रक’ ओळखीचं असतं आणि तिथलं काम नेमकं हेच आहे. ‘ताळा’ मात्र या अर्थाने घेऊ नका. ताळा म्हणजे उत्तर बरोबर आलं का ते दुसऱ्या वाटेने पाहणं. दोन्ही बाजूंच्या ओळींची संख्या आणि नगांची बेरीज आधी ताडून घेणं, याला ताळा म्हणता येईल. ताळा जुळला म्हणून जुळवणी झाली असं नाही, एका ओळीत दोन नग वाढले आणि दुसरीत दोन घटले तरी बेरीज तीच येते.

प्रश्नकर्ता

‘जुळवणी’ घेतो, ‘रुजवात’ प्रस्तावनेत एकदा येईल. शेवटचं विचारतो: अहवालात ओळ कुठली ते सांगणाऱ्या कॉलमाला आम्ही ‘स्रोत’ म्हणतो आणि खाली ‘जुने’ किंवा ‘नवे’ असं येतं.

प्रतिसाद २

१०२ची ओळ दोन्हीकडे आहे, तरी तुमच्या अहवालात ती एकदा ‘जुने’ आणि एकदा ‘नवे’ अशी येईल, आणि वाचणारा एक गळली, एक आली असं समजेल. फुल आउटर जॉइन (दोन्हीकडच्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारा जॉइन) करा आणि कॉलमाचं नाव ‘स्थिती’ ठेवा. जुनी की नल असेल तर ‘भर’, नवी की नल असेल तर ‘गळती’, दोन्ही असून काही वेगळं असेल तर ‘तफावत’. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही, तिथे लेफ्ट जॉइनखाली नॉट एक्झिस्ट्सची क्वेरी युनियन ऑलने जोडा. तफावतीच्या ओळीत जुनी आणि नवी किंमत शेजारी शेजारी छापा: १०२, निळा, नग ७, नग ९.