‘इन्व्हेझिव’ला आक्रमक म्हणावं का? आणि ‘स्ट्रोमा’ला काय?

प्रश्न

आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय: ‘इन्व्हेझिव डक्टल कार्सिनोमा, ग्रेड १, स्ट्रोमामध्ये डेस्मोप्लाझिया’. शब्दकोशात इन्व्हेझिवला ‘आक्रमक’ दिलंय. ते ऐकून आत्या पार हबकलीय. हा अर्थ बरोबर आहे का? पुढच्या दोन शब्दांना मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद

इथे ‘आक्रमक’ वापरू नका. आक्रमक म्हटलं की आपल्याला स्वभाव कळतो, आणि इन्व्हेझिव हा शब्द जागा सांगतो. स्तनातल्या दुधाच्या नळ्यांभोवती (डक्ट म्हणजे नळी) एक पातळ पटल असतं. कॅन्सरच्या पेशी त्याच्या आतच असतील तर रिपोर्टमध्ये ‘इन सिटू’ लिहितात. पटल ओलांडून बाहेरच्या संयोजी ऊतीत, म्हणजे स्ट्रोमात, गेल्या की ‘इन्व्हेझिव’. पेशी किती बिघडल्या आहेत याचा अंदाज ग्रेडवरून येतो. नळ्यांसारखी रचना किती उरली, केंद्रकं किती बेढब झाली, पेशी किती वेगाने विभागताहेत, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य. आत्यांचा कॅन्सर इन्व्हेझिव आहे आणि ग्रेडने सौम्यही आहे. ‘आक्रमक’ म्हटलं की यातली दुसरी गोष्ट त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. मी ‘नळीबाहेर शिरलेला’ म्हणते. ‘पसरलेला’ मात्र नको. ऐकणाऱ्याला तो यकृतात, हाडांत गेला असं वाटतं.

प्रतिसाद

सहमत. स्ट्रोमाला काही ठिकाणी ‘आधार-ऊती’ म्हणतात, तो शब्द मला अपुरा वाटतो. आधार म्हटलं की नुसता खांब डोळ्यांसमोर येतो, आणि ही ऊती तर सतत काहीतरी करत असते. तिच्यात कोलॅजेनचे तंतू असतात, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी असतात. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात आणि त्यामुळे फायब्रोब्लास्ट जागे होतात. जखम भरताना ते जे काम करतात तेच इथे सुरू होतं, फक्त थांबत नाही. विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं ते यासाठीच. कोलॅजेन साचतं, लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे धागे एकमेकांत घट्ट बांधतं आणि जागा कडक होते. हाच डेस्मोप्लाझिया. हाताला जी टणक गाठ लागते तिचा टणकपणा बराचसा या तंतूंचा असतो. म्हणून मी ‘तंतुमय प्रतिक्रिया’ असं सुचवीन. ती नळीबाहेर शिरलेल्या बऱ्याच कॅन्सरांत दिसते, तेव्हा रिपोर्टमधल्या या एका शब्दाची वेगळी धास्ती नको.

एवढ्यावर हे थांबत नाही. कडक झालेला परिसर पेशींना इंटेग्रिनमार्फत (पेशीला भोवतालच्या तंतूंशी जोडणारी, तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) उलट संदेश देतो, वाढायला आणि सरकायला उद्युक्त करतो. मीना बिसेल यांच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये त्रिमितीय जेलमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरपेशींवरचं एक इंटेग्रिन प्रतिपिंडाने अडवलं, तर त्या पेशी पुन्हा जवळपास निरोगी पेशींसारख्या नीट गोल रचनेत बसल्या. जनुकांतले बिघाड तसेच होते, तरीही! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. म्हणून स्ट्रोमाला ‘भोवतालची ऊती’ म्हणावं, त्या शब्दात दोन्हीकडच्या देवाणघेवाणीला जागा राहते.

प्रतिसाद

एक भर. स्तनाच्या कॅन्सरच्या लोब्युलर या दुसऱ्या प्रकारात पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन सहसा नसतं. त्या सुट्या सुट्या, एकामागे एक अशा तंतूंमधून जातात आणि तंतुमय प्रतिक्रिया अनेकदा फारच कमी असते. म्हणून हाताला गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही निसटू शकते. ‘गाठ नाही म्हणजे कॅन्सर नाही’ हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते या प्रकाराला लागू पडत नाही. स्तनाची कातडी आत ओढली गेली, एखादा भाग जाड वाटला, तरी दाखवून घ्यावं.

प्रश्नकर्ती

आत्याला ‘नळीबाहेर शिरलेला, पण सौम्य ग्रेडचा’ असं सांगितलं. तिने लगेच विचारलं, काखेतल्या लसीकागाठींचं काय, कॅन्सर तिथे पोचलाय का? सोमवारी डॉक्टरांना तेच विचारणार आहोत, आणि ईआर, पीआर, हर-टू (उपचार ठरवायला लागणाऱ्या, पेशींवरच्या संप्रेरक-ग्राहकांच्या आणि हर-टू प्रथिनाच्या तपासण्या) यांचे रिपोर्ट कधी येतील तेही.