'लाइन' या एका शब्दाने आपली रांग, ओळ, रेघ सगळं गिळलंय का?

कोपरीकर:
परवा ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला उभा होतो, बरोबर आमची दुसरीतली कन्या. खांबावर पाटी होती, 'कृपया रांगेत उभे राहावे'. हल्ली दिसेल ते मोठ्याने वाचायचा नाद लागलाय तिला. वाचलं आणि विचारते, बाबा, रांगत रांगत उभं कसं राहायचं? पुढचे मागचे सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून जाईना, कारण चूक तिची नाहीच, घरात आम्ही दोघं दिवसभर लाइनच म्हणतो. रेशनला लाइन होती, वहीत लाइन मार, कवितेची पहिली लाइन म्हण, पाण्याची लाइन फुटली, हार्बर लाइन बंद आहे, मामा कुठल्या लाइनमध्ये आहे.

आता बघा, माणसं ताटकळतात ती रांग. कवितेची असते ती ओळ, दारात पणत्या मांडल्या की तीपण ओळ. पेन्सिलने ओढतो ती रेघ, आणि तीच भूमितीच्या सरांनी ओढली की रेषा. जेवायला बसलो की पंगत. आजी 'ओळीने बसा' म्हणाली की पानं वाढलेली दिसायची, बाबा 'रांगेत उभा राहा' म्हणाले की रॉकेलचा डबा. लाइनमधून मला काहीच दिसत नाही. मी इंग्रजीचा वैरी नाही, ऑफिसात दिवसभर तेच बोलतो, पण हा एक शब्द जरा जास्तच हावरट आहे असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

ऐरोलीची_मुलगी:
दादा, मत पटलं नाही. लाइन आता मराठीच आहे. आपण 'लाइनी लागल्या' म्हणतो, 'लायनीत घुसला' म्हणतो, ती लाइन म्हणतो. रांग, ओळ, रेघ, रेषा, पंगत सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून हिलापण स्त्रीलिंगी करून घरात घेतली. इंग्रजीत कुठे असतं लिंग? आणि 'लाइन मारणे' हे कुठल्या इंग्रजाला सांगून बघा, तो पट्टी घेऊन येईल. हे पूर्ण आपलं आहे, 'ती लाइन देते' हेसुद्धा. मी रोज ट्रान्सहार्बरने ठाण्याला येते, स्टेशनवर 'ट्रान्सहार्बर मार्गावरील' असं बोलतात, म्हणजे अख्ख्या नावात मराठी एकच शब्द आणि तोच कोणी बोलत नाही. २००४ ला सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात ती लाइनच आहे.

कोपरीकर:
लाइन मारणे तुमचं तुम्हाला लखलाभ, त्यावर माझा काही दावा नाही :) रांग मारणे म्हटलं तर मार खाऊ.

दिनांक_वापरा:
धागाकर्त्याशी १००% सहमत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना प्रतिशब्द दिले. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले, तेव्हाही लोक हसले होते, आज कोणी हसतं का? सवय लावली की लागते. आपणच आळशी.

जुना_गार्ड:
चाळीस वर्षं रेल्वेत काढली त्यामुळे दोन पैसे माझेही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा लोक रुळांना लोखंडी रस्ता म्हणायचे. छान शब्द होता, टिकला नाही. लाइन टिकली. का ते सांगतो. पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, पुढचा ब्लॉक मोकळा आहे असं त्याने कळवलं की त्याला म्हणायचं 'लाइन क्लिअर मिळाला'. हो, मिळाला. आमच्याकडे तो पुल्लिंगी, का ते विचारू नका. आता तुम्ही लोक पोरीच्या बापाने होकार दिला की म्हणता लाइन क्लिअर, ते आमच्याच केबिनमधून बाहेर पडलेलं असणार असं मला नेहमी वाटतं. त्याला 'मार्ग मोकळा' म्हणा की, कोण नको म्हणतंय, पण स्टेशन मास्तर फोनवर तसं म्हणाला असता तर मी गाडी सोडली नसती.

ऐरोलीची_मुलगी:
काका __/\__

कळव्याचा_बाळ्या:
शाळेत असताना सकाळी पेपरची लाइन टाकायचो. म्हणजे ठरलेल्या बिल्डिंगी, ठरलेला क्रम, कुठल्या मजल्यावर कुठला पेपर, कोणाकडे कुत्रा, कोण महिनाअखेर पैसे बुडवतं, हे सगळं मिळून ती लाइन. एक पोरगा गावाला गेला की त्याची लाइन दुसऱ्याला मिळायची आणि त्यावरून भांडणं व्हायची. आता पेपरची रांग म्हणू का ओळ म्हणू का रेघ? सुचवा एक शब्द, उद्यापासून वापरतो. नुसतं मराठी वाचवा म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेचारला येऊन शब्द सुचवावा.

दिनांक_वापरा:
फेरी.

कळव्याचा_बाळ्या:
फेरी संपते साहेब. लाइन विकत घेता येते.

निदान_रेषा:
(आयडी कशावरून ते आता कळेल) कबड्डीत चढाईपटूने ओलांडायची ती निदान रेषा. गडी न शिवता आणि ती न ओलांडता परत आला की बाद. निदान तेवढी तरी ओलांड रे बाबा, असं आमचे सर सांगायचे आणि आम्ही नियम कायमचा शिकलो. हल्ली टीव्ही बघून आलेली पोरं बॉक लाइन म्हणतात, त्यातलं बॉक म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नाही मलाही नाही. इथे मात्र मी कोपरीकरांच्या बाजूने, तयार आणि अर्थ सांगणारा शब्द टाकून मुका शब्द का घ्यायचा? पण 'बोनस रेषा' कोणी म्हटलं की मलाच कसंतरी होतं, खोटं कशाला बोलू.

महापे_नाइट_शिफ्ट:
आमच्याकडे डेडलाइन. अमेरिकेतल्या यादवीत युद्धकैद्यांच्या तळावर एक रेघ ठरवलेली असायची, कैद्याने ओलांडली की गोळी, ती डेडलाइन. आपली 'मुदत' किती भल्या घरची वाटते, वाढवूनही मिळते. मॅनेजरला एकदा मराठीत म्हटलं मुदत वाढवा, तो मराठीच होता, हसला आणि दोन दिवस दिले. इंग्रजी मेलला उत्तरपण आलं नव्हतं.

कोपरीकर:
@ऐरोलीची_मुलगी, एक गोष्ट राहिली. लाइन मराठीत आली म्हणजे ती कायमची झाली असं नाही. माझे वडील सिनेमाच्या तिकिटाला 'क्यू'त उभे राहायचे. क्यू लावला, क्यू मोडला, त्यांच्या पिढीत सर्रास. इंग्लंडात अजून क्यूच म्हणतात, रांगेला लाइन म्हणणारे ते अमेरिकन. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ शेपूट. आपण रांगेचं शेपूट कुठे आहे विचारतो ना, तेच. आता आमच्या घरात क्यू कोणी म्हणत नाही. तो आला आणि गेला, रांग अजून पाटीवर तरी आहे. म्हणून म्हणतो, लाइनसुद्धा भाडेकरू असू शकते, रांगेला घराबाहेर काढायची एवढी घाई नको.

ऐरोलीची_मुलगी:
क्यूचा पॉइंट भारी आहे, मान्य. पण मग तो गेला तो लाइनमुळे गेला, रांगेमुळे नाही, हे पण लिहा की. आणि पगार, चावी, बटाटा, घमेलं पोर्तुगीजांकडून आले ते चारशे वर्षं झाली भाडं न भरता राहतायत, त्यांना कोणी विचारत नाही.

घणसोली_साइट:
उशिरा वाचला धागा, बांधकामाच्या लाइनमध्ये (सॉरी) असल्याने राहवत नाही. आमच्याकडे विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना खिळे मारून सुतळी नाहीतर नायलॉनची दोरी ताणतात, तिला गवंडी म्हणतो लाइनदोरी. मध्ये एकदा एका आर्किटेक्ट मॅडमनी सांगितलं की लाइन हा शब्दच मुळात जवसाच्या धाग्यावरून आलाय, लॅटिनमध्ये लिनिया म्हणजे तो धागा, लिनन कापड त्याच कुळातलं. म्हणजे आमचा मिस्त्री दिवसभर दोरीदोरी म्हणतोय. मी त्याला हे सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला साहेब ती ढिली पडलीय, तिकडचं टोक धरा.
भिंत उभी सरळ आहे का ते बघायला मात्र तो ओळंबाच सोडतो. तिथे इंग्रजीला अजून शिरकाव नाही.

निदान_रेषा:
अरे हे भारी आहे. म्हणजे इंग्रजीत ज्या अर्थाने शब्द जन्मला तो अर्थ आपण घेतलाच नाही, कपडे वाळत घालायला अजून दोरीच आहे. बाल्कनीत लाइन बांधली असं कोणाच्या घरी म्हणतात का?

कळव्याचा_बाळ्या:
आमच्याकडे नाही. बाल्कनीच नाही.

दिनांक_वापरा:
विषय भरकटतोय. मूळ मुद्दा मराठी शब्द वापरण्याचा होता.

महापे_नाइट_शिफ्ट:
धागा लाइनीवर आणा रे

कोपरीकर:
:) घरचा रिपोर्ट देतो. काल कन्येला बिल्डिंगमधल्या मुंग्या दाखवल्या, म्हटलं ही बघ मुंग्यांची रांग. तिने खाली बसून नीट पाहिलं आणि म्हणाली, हां, या रांगतायत, पण उभ्या कुठे आहेत?