गंजिफाचं नाव गाजलं की काम बिघडतं का?

प्रश्न: सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एखादा व्हिडिओ गाजला की मागण्यांची रीघ लागते. कारागिराने काय सांभाळावं?

उत्तर १: आधी हिशेब मांडा. दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांचे १० रंग (बदाम-इस्पिकसारखे पत्त्यांचे गट), १२० पानं. राजा-प्रधानाची २० चित्रं, शिवाय एक्का ते दश्शी मिळून प्रत्येक रंगात ५५ चिन्हं, म्हणजे एकूण ५५०. घाईत पहिली बिघडते ती दश्शी. मत्स्याच्या दश्शीत दहा मासे नीट बसवायचे तर आधी पेन्सिलीने जागा आखावी लागते. ती आखणी टाळली की शेवटचे दोन मासे काठाला चिकटतात. प्रसिद्धीने मागणी वाढते, पण हात तेवढेच राहतात, म्हणून तारीख लांबचीच द्या.

उत्तर २: तारखेत पावसाळा धरू नका. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. आणि एकाच बाजूला रंग दिला की पान वाकतं. पाठही लगेच रंगवा.

उत्तर ३: फोटोत राजाच झळकतो, म्हणून सगळं कसब त्याच्यावरच खर्च होतं. खेळणाऱ्याच्या हातात मात्र बहुतेक साधी पानंच येतात हो! पाठी हुबेहूब सारख्या हव्यात, नाहीतर पान ओळखू येतं.