आईला समुद्र दाखवायचाय : देवबाग की वेंगुर्ला?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीच्या शेवटी तीन दिवस मालवणकडं जायचा विचार आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांची आई. आईचा सगळा जन्म कोल्हापुरात गेला, तिनं समुद्र अजून बघितलेला नाही. परवा रंकाळ्यावर बाकावर बसून मला विचारत होती, "पलीकडचा काठ अजिबात दिसत नाही व्हय रे?" त्याच रात्री ठरवलं, आता लांबवायचं नाही.

मनात देवबाग आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. अंगणात खुर्ची टाकून बसलं तरी लाटा दिसतील असं घरगुती राहण्याचं ठिकाण कुणाला माहीत आहे का? खोली तळमजल्यावर आणि कमोड असलेलीच हवी, आईचे गुडघे दुखतात. वाळूतून फार चालणं तिला जमणार नाही. वेंगुर्ल्याला हे जास्त सोयीचं पडेल का?

सिंधुदुर्ग किल्ल्यावर, शिवराजेश्वराच्या मंदिरात जायची तिची फार इच्छा आहे. होडीत चढताना-उतरताना वयस्कर माणसाला कितपत त्रास होतो? नुकतं कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर नक्की सांगा.

आणि रस्ता? गगनबावड्यावरून करूळ घाट, का फोंडा घाट? मुलीला वळणांवर उलट्या होतात. आई माळकरी आहे, त्यामुळं शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात करून देणारं घर मिळालं तर फार बरं होईल.