मदत हवी आहे: वर्कशॉपसाठी व्हॉट्सअ‍ॅपऐवजी कोणतं चॅट अ‍ॅप घ्यावं?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं वर्कशॉप आहे, मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. ऑफिसात दहा-बारा जण, बाकी पंचवीसेक शॉप फ्लोअरवर, दोन शिफ्टमध्ये. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर: 'प्रॉडक्शन', 'डिस्पॅच', 'क्वालिटी' आणि 'प्रॉडक्शन नवीन'. हा शेवटचा का निघाला ते आता कुणालाच आठवत नाही.

मध्यंतरी एका पॅनेल बॉक्सच्या दाराचं ड्रॉइंग बदललं, बिजागरीची भोकं ८ मिलिमीटर खाली सरकली. नवी पीडीएफ ग्रुपवर पडली, तिघांनी अंगठे दिले, आणि लगेच खाली कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचे केक सुरू झाले. रात्रपाळीच्या ऑपरेटरने फोनमध्ये आधीच उतरवलेली जुनी फाइल उघडली. दारं सगळी भंगारात. त्याला बोलण्यात अर्थ नाही. फाइलचं नाव फोनवर मध्येच तुटतं, रिव्हिजनचा आकडा दिसतच नाही.

मालक 'काहीतरी बघ' म्हणालेत. त्याच दमात 'फुकटातलं बघ' असंही.

स्लॅक वापरायला सगळ्यात सरळ वाटलं. पण फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, वर्षाहून जुने तर पुसूनच टाकतात. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार डिलिव्हरीनंतर आठ-आठ महिन्यांनी येते. तेव्हा काय ठरलं होतं हे शोधायचं कुठे? पैसे भरायचे तर माणशी दरमहा.

टीम्सचं म्हणाल, तर ऑफिसच्या मेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ आहेच, त्यात ते येतं. फ्लोअरवरच्यांना मात्र कंपनीचा मेल आयडीच नाही. शिवाय सुपरवायझरच्या साध्या फोनवर ते उघडेपर्यंत माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून मोकळा होतो.

झोहोचं 'क्लिक' हे ऑफिससाठीचं चॅट अ‍ॅप अजून नीट पाहिलं नाही. (अरट्टई नव्हे, तेही झोहोचंच, पण घरगुती गप्पांचं. मालकांना दोन्ही एकच वाटतं.)

मनात भरलंय ते झुलिप. त्यात चॅनेलच्या आत विषय पाडता येतात. जॉब नंबर हाच विषय ठेवला की त्या जॉबचं सगळं बोलणं एका जागी. ओपन सोर्स आहे, आपल्या सर्व्हरवर चालतं. पण सर्व्हर सांभाळणार कोण? आमचा कॉम्प्युटरवाला आठवड्यातून एकदा येतो, तोही प्रिंटरसाठी.

ज्यांनी कारखान्यात हे केलंय त्यांनी सांगा: फ्लोअरवरची माणसं नवीन अ‍ॅप खरंच उघडतात, की फिरून व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात? आणि सगळ्यांना एकाच अ‍ॅपवर आणायलाच हवं का? आयटीवाल्यांचे अनुभवही चालतील, पण तिथे प्रत्येकापुढे लॅपटॉप असतो, हे धरून सांगा.

प्रतिसाद १
आम्ही चाकणला, टीम्सवर. फ्लोअरसाठी मायक्रोसॉफ्टची एफ१, एफ३ अशी स्वस्तातली फ्रंटलाइन लायसन्स असतात, विक्रेत्याला मुद्दाम विचारा, तो आपणहून सांगत नाही. झुलिप आपल्या सर्व्हरवर टाकलंत तरी दहापेक्षा जास्त माणसं असली की मोबाइल नोटिफिकेशनसाठी त्यांचा पैशाचा प्लॅन लागतो, तेव्हा 'फुकट' म्हणून मालकांना सांगून बसू नका.
आणि ड्रॉइंग कुठल्याच चॅटवर टाकू नका हो! अ‍ॅप बदललं तरी जुनी फाइल फोनमध्ये राहणारच. फाइल एकाच फोल्डरमध्ये, जुनी रिव्हिजन तिथून हलवायची, चॅटवर फक्त लिंक. आम्ही कामासोबत फिरणाऱ्या जॉब कार्डावरच त्या लिंकचा क्यूआर छापतो.

धागाकर्ता
जॉब कार्डावर क्यूआर, हे पटलं. पण स्कॅन कशाने करतात? स्वतःच्या फोनवर म्हटलं तर आमच्याकडे डेटावरून कुरकुर होईल.

प्रतिसाद १
सेक्शनला एक टॅब, सिमशिवाय, वायफायवर. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप टाकूच दिलेलं नाही.