जुन्या घाटाची निळी-पांढरी चिनी भांडी: नक्कल की निर्मिती? (निळाई, गाळणी आणि सुरई यांचा संवाद)

निळाई: योंगझेंग बादशहाच्या काळातली (१७२३-३५) सुरई तिच्याहूनही तीनशे वर्षं जुन्या, मिंग राजघराण्याच्या काळातल्या घाटाची (आकाराची) आहे असं कळलं, की लोक ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. श्वानदे या मिंग बादशहाच्या वेळी (१४२६-३५) निळ्या रंगासाठी परदेशातून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह जास्त होतं. रंग दाट बसला तिथे भट्टीत काळे ठिपके उमटत. पुढे देशी, नीट निवडलेल्या कोबाल्टने ते आपोआप पडेनात, तेव्हा जिंगडेझेन या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावातल्या चिताऱ्यांनी कुंचल्याने एकेक ठिपका जादा दिला. दोषातलं देखणेपण ओळखायला केवढी नजर लागते!

गाळणी: असहमत. जुना ठिपका झिलईत खोल रुतलेला असतो, बोटाला खळगा लागतो. नंतरचे ठिपके बेतून ठेवलेले दिसतात. आगीने केलं ते माणसाने गिरवलं, एवढंच. आणि बुडावरच्या शिक्क्याचं काय? कांगशी बादशहाच्या काळातल्या (१६६२-१७२२) कितीतरी भांड्यांवर चेंगह्वा या जुन्या मिंग बादशहाचं (१४६५-८७) नाव आहे. याला मी खोटंच म्हणेन.

निळाई: शिक्क्यामागची गोष्टही बघा ना. १६७७ मध्ये जिंगडेझेनच्या अधिकाऱ्याने चालू बादशहाचं नाव भांड्यांवर घालायला मनाई केली. भांडं फुटून नाव पायदळी जायला नको म्हणून. मग कुणी नुसतं दुहेरी वर्तुळ काढलं, कुणी पान, कुणी जुन्या बादशहाचं नाव. त्यात आदरही होता. शाही भट्ट्यांवर देखरेख करणारा तांग यिंग तर सुरुवातीला तीन वर्षं कारागिरांबरोबर जेवला, झोपला, काम शिकला. कोणकोणत्या जुन्या भांड्यांवरून आपल्याकडे काम होतं, याची यादी त्याने १७३५ मध्ये उघड लिहून ठेवली. फसवणारा माणूस अशी यादी करेल का?

गाळणी: तांग यिंगबद्दल मान्य. पण तो दरबारचा माणूस, यादी शाही कामाची. खासगी भट्टीवाल्याने चेंगह्वाचं नाव घातलं ते सगळं आदरापोटीच, हे कशावरून?

सुरई: दोघांनाही विचारते, ‘मूळ’ कुठलं धरायचं? पंधराव्या शतकातल्या मिंग भांड्यांतले चपट्या सुरया आणि झाऱ्यांचे कितीतरी घाट पश्चिम आशियातल्या पितळी भांड्यांवरून आलेत.

गाळणी: ताई, पितळेचा घाट मातीत आणताना कान, तोटी, जाडी, सगळं नव्याने जुळवावं लागतं. ठिपका पाहून ठिपका काढणं निराळं. माझं मत बदललेलं नाही, पण योंगझेंगची सुरई आता ‘नक्कल’ या एका शब्दावर सोडून देणार नाही.