बांधकामावरचं पाळणाघर: देणगीवर चालवायचं की बिल्डरच्या खिशातून?

शनिवारची_ताई
लांबलंय, वैतागून लिहितेय, सांभाळून घ्या.

गेली तीन वर्षं पुण्यात एका मोठ्या साइटवरच्या पाळणाघरात मी दर शनिवारी जायचे. शिकवायला वगैरे नाही, गोष्टी सांगायला आणि खरं तर शेंबडी नाकं पुसायला. चालवायची एक संस्था, पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च), जागा बिल्डरची म्हणजे तळमजल्यावरचा दुकानाचा रिकामा गाळा. तिथल्या ताई भारी होत्या. परभणीकडून नवीन आलेल्या एका बाळाच्या दंडाला त्यांनी मापाची पट्टी गुंडाळली तर माप 11.5 सेंटीमीटरच्या आत, लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषण. आई म्हणाली आमच्यात सगळे बारीकच असतात. ताईंनी वाद घातला नाही, त्याच दुपारी दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि नंतर रोज समोर बसून त्याला थोडं थोडं भरवलं. दिवाळीपर्यंत पट्टी हिरव्यावर आली. चांगलं पाळणाघर म्हणजे माझ्या मते एवढंच, भिंतीवरचा मिकी माउस नव्हे.

मार्चअखेर कंपनीचा प्रोजेक्ट संपला, गाळ्याला शटर लागलं, पाळणाघर बंद. शेजारी फेज टू चालूच आहे, बिल्डर तोच, बायका त्याच. पुढच्या शनिवारी सवयीने गेले तर आमच्यातली चार पोरं वाळूच्या ढिगावर, आणि दीड वर्षाच्या एकीच्या पायाला जुन्या साडीची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक सळईला. आईला नावं ठेवू नका प्लीज, ती सातव्या मजल्यावर विटा चढवत होती, पोरगी मोकळी सोडली तर लिफ्टच्या खड्ड्यात जाईल.

घरी येऊन कायदा वाचला. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात सरळ लिहिलं होतं, 50 हून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि मुलं सांभाळायचं ट्रेनिंग घेतलेली बाई मालकानेच द्यायची. मग तीन वर्षं त्या कंपनीच्या दानाने नक्की कोणाचं बिल भरलं? मला तर वाटतं बिल्डरचं.

सेंट्रिंगवाला
ताई, भावना पोचल्या, पण साइट मी रोज बघतो, 50 बायका मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, दिसतात कुठे? मजूर जोडीने येतात, हजेरी नवऱ्याच्या नावावर, पैसे जोडीचे त्याच्याच हातात. वर चार ठेकेदार, प्रत्येकाच्या कागदावर तीन-चार बायका. त्या कायद्याची अट कधी लागूच झाली नाही. तुम्ही बिल्डरला कोर्टात खेचणार, तोवर टॉवरला पझेशन मिळून सोसायटीची पहिली एजीएम पण होऊन जाईल आणि ती पोरगी हिंजवडीहून उठून चाकणला गेलेली असेल. संस्था आली म्हणून तीन वर्षं तरी झाली ना? बिल्डर गाळा देतो, लाइट-पाणी देतो, तेवढंही न देणारे ढीगभर आहेत.

लाल_चहा
म्हणजे चोरी पकडता येत नाही म्हणून चोराचे आभार मानायचे, वा रे वा.

अहो बांधकामाच्या खर्चाच्या 1 टक्का उपकर कापला जातो, तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. या पैशाच्या वापरावरून 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारांना चांगलं झापलंय. पैसा आहे, कायदा आहे. आणि नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या नवीन कामगार कोडमध्ये 50 बायका जाऊन 50 कामगार आले, त्यामुळे मस्टरवरून बाई गायब करून सुटका नाही, निदान कागदावर तरी. असं असताना कोण्या शेठच्या मर्जीवर पाळणाघर चालणं हीच भीक आहे. मर्जी फिरली की शटर, वर ताईंनी लिहिलंच आहे.

बोर्डीची_चिंच
लाल चहा, जरा दमाने घ्या. सगळं सरकारने आणि कायद्याने करायचं म्हणता, पण सरकारी अंगणवाडीचंच मूळ शोधलंत तर सरकारी फायलीत सापडणार नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आमच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ, मग कोसबाडला. वारली पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. सरकारची आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्यांची योजना, आली 2 ऑक्टोबर 1975 ला, तीस वर्षांनी. बांधकामावरच्या पाळणाघराचंही तेच, 1969 मध्ये दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथे धुळीत पडलेली मुलं बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पहिलं मोबाइल क्रेश, म्हणजे फिरतं पाळणाघर, काढलं, 1972 ला ते मुंबईत आलं. सरकारला आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं हो. आणि करून दाखवायला लागतो पैसा, तो कायद्याच्या कलमातून पडत नाही.

सेविकेची_लेक
चिंचताई, ताराबाईंबद्दल आदर आहेच, माझ्या आईच्या अंगणवाडीत दोघींचा फोटो आहे. पण त्या वारशातून सरकारने काय उचललं तेही बघा. सेवाभाव उचलला! पगार न म्हणता मानधन म्हणायचं, कर्मचारी न म्हणता मानसेवी. तीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या बायकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायला 2022 साल आणि सुप्रीम कोर्ट लागलं. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर बसल्या, माझी आई पण होती, तेव्हा गावातलेच लोक म्हणाले, अहो तुमचं तर समाजकार्य ना. हा शब्द देणगीवाल्यांच्या जगातून आलाय आणि तो अजून आमच्या बोकांडी बसलाय.

दुसरं, देणगीवाल्यांना दिसणारी गोष्ट हवी असते. एका कंपनीने आईची अंगणवाडी "स्मार्ट" केली. जिराफ रंगवले, 43 इंची टीव्ही लावला. उद्घाटनाला पोरांना कंपनीचे टीशर्ट घालून अकरापासून बसवलं, साहेब आले दीडला, खिचडीचा दगड झालेला, दोन पोरं मांडीवर झोपलेली, त्यांना फोटोसाठी उठवलं. चार महिन्यांनी वीजबिल थकलं, मीटर काढून नेला. टीव्हीवर आता आई रजिस्टरं ठेवते.

आणि अंगणवाडी तर दुपारी सुटते, बिगारी बाई सुटते सहाला. मधल्या वेळात पोर कुठे? यावर ना सरकार धड बोलतं ना साहेब.

एडिसनकर
वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मी इकडून दर गणपतीत एका बालवाडीला पैसे पाठवतो, फोटो मागत नाही, टीशर्ट तर नाहीच. आता काय बंद करू? तुमचं बोलणं ऐकून वाटतं पैसे देणारा म्हणजे गुन्हेगार. इथे न्यू जर्सीत माझ्या पोरीच्या डेकेअरला पगाराचा केवढा भाग जातो ते मला विचारा, सांभाळणं महागच असतं, कुणीतरी भरायलाच हवं.

सेविकेची_लेक
दादा बंद नका करू, रागावू पण नका. फक्त एक विचारा त्यांना, माझे पैसे ताईच्या पगाराला जातात की रंगाला. शक्य असेल तर म्हणा मी पाच वर्षं एका बाईचा पगार देतो, नाव नको पाटी नको. पाळणाघराचा दर्जा म्हणजे शेवटी ती बाईच असते, ती टिकली तर पोरं टिकतात. दर अकरा महिन्यांनी नवीन ताई आली की तान्ही मुलं पुन्हा पहिल्यापासून रडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ताळेबंद
सीएसआरमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, एडिसनकर हे करू शकतात, कंपनी सहसा करत नाही. चालू प्रकल्प जास्तीत जास्त सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं, असा नियमच आहे. नवा प्रकल्प म्हणून पुन्हा घेता येतं, पण बोर्डाला तेच पाळणाघर चौथ्या वर्षी दाखवायचं म्हणजे लाज वाटते, यंदा काय नवीन असं विचारतात. पोरं दरवर्षी नवीन असतात हे एक्सेलमध्ये दिसत नाही.

लाल_चहा
सेविकेची लेक, +1. पगारापुरतं मान्य. पण बिल्डरला सोडू नका.

सेंट्रिंगवाला
सोडू नका म्हणणं सोपं आहे. शनिवारच्या ताईंना उद्या साइटवर शिरू दिलं नाही तर ती पोरं दिसणारही नाहीत कुणाला.

शनिवारची_ताई
सगळ्यांचं वाचलं. सेंट्रिंगवाले, तुमच्या मस्टरवरून डोक्यात आलं ते करून बघितलं. सोमवारी रजा टाकली आणि गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी साडेसात ते नऊ बसून फेज टूला शिरणाऱ्या बायका मोजल्या. 63. त्यातल्या 19 जणींच्या कडेवर मूल. तुम्ही म्हणता तसं असेल तर कागदावर यातल्या पंधरा पण नसतील. वॉचमन विचारायला आला, त्याला म्हटलं मावशीची वाट बघतेय. संस्थेच्या ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या पगाराची सोय झाली तर उद्यापासून येते, पण गाळा कोण देणार.

हे आकडे घेऊन जायचं कुणाकडे, आणि अर्जात माझं नाव घातलं तर त्या बायकांचं काम जाईल का, एवढं सांगा.

सेंट्रिंगवाला
व्यनि (खाजगी निरोप) करतो. इथे नको.